मांजरपाटाचा पडदा आणि मधली शिवण : दहा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीनंतर बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातून मांजरपाट आणून पोर्ट्रेट फोटोंसाठी माणसामागे लावायचा पडदा घरीच तयार केला. 48 इंची पन्ह्याचे साडेसहा मीटर कापड दोन तुकड्यांत जोडले, पातळ केलेला करडा इमल्शन रंग स्पंजाने टिपला आणि गुंडाळायला पीव्हीसी पाइप घेतला. खर्च इतका किरकोळ आला की पहिले दोन महिने मी भेटेल त्याला तो आकडा सांगत होतो.

या आनंदावर पाणी पाडले ते मधल्या शिवणीने. शिंपीकाकांनी कापड हातात घेताच बजावले होते, "मधोमध शिवण नको घालूस बघ, एक तुकडा उभा फाडून दोन्ही बाजूंना जोडून देतो की." त्यात शिवणी दोन होत होत्या आणि मजुरी साठ रुपयांनी वाढत होती, म्हणून मीच नको म्हटले. परिणामी माणूस जिथे बसतो, जोड नेमका तिथेच आला. बाजूने प्रकाश टाकला की शिवणीच्या उंचवट्याची सावली पडते, आणि दुहेरी कापडाने रंगही जास्त प्यायलेला असल्यामुळे ती रेघ गडद दिसते. जावळापूर्वीच्या फोटोसाठी आणलेल्या एका बाळाच्या टाळूतून ती थेट शेंडीसारखी वर गेली होती, आणि आजीने स्क्रीनकडे बोट दाखवून "हे काय उगवलंय?" असे विचारले, तेव्हा मला ते साठ रुपये आठवले.

उन्हाळ्यात माझे मत थोडे निवळले. माणसाला पडद्यापासून सहा फूट पुढे बसवून 50 मिमीची लेन्स एफ 2 वर ठेवली, म्हणजे तिचे छिद्र मोठे उघडले, तर शिवण आणि सुरकुत्या दोन्ही पुसट होतात. शिवाय दिवा माणसाच्या जवळ आणला की त्याच्या मानाने पडद्यापर्यंत प्रकाश फारच कमी पोहोचतो आणि तोच करडा रंग जवळजवळ काळा दिसतो. एका पडद्यात दोन रंग मिळाले, हा नफाच. मात्र खोली अकरा फुटांची असल्याने चौघांचे कुटुंब आले की सगळ्यांना पडद्याला खेटून बसवून, सगळे स्पष्ट यावेत म्हणून छिद्र लहान करून एफ 8 वर जावे लागते, आणि शेंडी पुन्हा हजर होते.

मग आषाढ लागला. कपाटामागे उभा ठेवलेला पडदा उलगडला, तर पाठीच्या कोऱ्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास. चूक माझीच होती. ताण्याचे, म्हणजे उभे, सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावतात, ती गरम पाण्यात भिजवून काढायची असते, आणि मी कापड नुसते थंड पाण्यातून पिळून काढले होते. दमट हवेत बुरशीला खळीसारखे खाद्य नाही. शहापूर-वडगावच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागू नये.

उघडीप मिळाल्यावर पडदा कोरड्या ब्रशने झाडून उलटा वाळवला. डाग गेले नाहीत, पण ते पाठीमागे असल्यामुळे फोटोत येत नाहीत. एवीतेवी पडदा खाली उतरलाच होता, म्हणून मधली शिवण उसवून काकांनी सांगितले होते तसेच करून घेतले. शिवणीत दडलेली बोटभर पट्टी रंगाविना राहिली होती, ती पुन्हा टिपली. कापड आटूनही मधला अखंड भाग 46 इंच भरतो, आणि एकट्या माणसाच्या फोटोत आता शिवण येत नाही. काकांनी दोन शिवणींच्या मजुरीवर उसवण्याचे चाळीस रुपये वेगळे लावले, आणि मी ते मुकाट्याने दिले.