अल्ट्रासॉनिक पांढरी काठी : काही महिन्यांच्या वापरानंतर

मी पूर्णतः अंध असून पांढरी काठी शाळेच्या वयापासून वापरत आलो आहे. काठीच्या मुठीवर बसवायचे, ध्वनिलहरींवरून अडथळा ओळखून हाताला कंपन देणारे उपकरण मात्र मी गेल्या पावसाळ्याच्या आधी घेतले. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्टकेन 2014 साली आली आणि तेव्हापासून या धाटणीची उपकरणे आपल्याकडे रुळू लागली. माझे उपकरणही त्याच तत्त्वावर चालते. पुण्यात घर, कार्यालय, बस, मेट्रो आणि बाजार अशा सगळ्या ठिकाणी ते वापरल्यानंतरचा हा अनुभव आहे.

साधी काठी गुडघ्याखालचे जग उत्तम सांगते: पायरी, खड्डा, पदपथाची कड, सांडपाण्याच्या झाकणाचा उंचवटा. त्याहून वर जे काही असते ते तिच्या कक्षेबाहेर राहते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या खालून काठी विनासायास पुढे जाते आणि उघडा फाळका थेट छातीशी येतो. अर्धवट ओढलेले शटर, टपरीचे पुढे आलेले छप्पर, खाली वाकलेली फांदी आणि पदपथावर लावलेल्या दुचाकीचा आरसा या सगळ्यांची ओळख आम्हा अंधांना आजवर कपाळाने किंवा खांद्याने होत आली आहे. हे उपकरण नेमक्या याच पट्ट्यावर लक्ष ठेवते. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते पुढे सोडते, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर ठरवते आणि अडथळा जवळ येईल तसे कंपन अधिक वेगाने देते. घरात व कार्यालयात जवळचा पल्ला आणि रस्त्यावर सुमारे तीन मीटरचा लांबचा पल्ला अशी निवड करता येते. सूचना आवाजाऐवजी कंपनातून मिळते, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण रस्ता ओलांडताना माझे कान वाहनांसाठी मोकळे राहिलेच पाहिजेत.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. खड्डा आणि उतरती पायरी या उपकरणाला कळत नाही, ते काम काठीच्या टोकाचेच आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे किंवा पडदा लहरी शोषून घेतो आणि तिरक्या गुळगुळीत पृष्ठभागावरून त्या भलतीकडे परावर्तित होतात, त्यामुळे अशा वेळी सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत कंपन थांबतच नाही, म्हणून तिथे मी जवळचा पल्ला निवडतो. गणेशोत्सवात मंडपाचे बांबू आणि कमानींचे खांब त्याने चोख दाखवले, पण मांडवाच्या ताणलेल्या बारीक दोरांचा भरवसा धरता येत नाही.

या महिन्यांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या पदपथावर मोकळ्या वेळी चालताना उपकरण बराच काळ शांत असते, तर माझ्या घराजवळच्या रस्त्यावर ते पावलापावलाला थरथरते. उपकरण दोन्हीकडे तेच असते. फरक आहे तो पदपथाचा. अंधांना पायाने किंवा काठीने कळाव्यात म्हणून उंचवटे दिलेल्या, दिशा दाखवणाऱ्या रेषांच्या फरशा आणि थांबण्याची सूचना देणाऱ्या ठिपक्यांच्या फरशा यांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली मांडली. माझ्या वाटेवर मात्र रेषांची फरशी थेट विजेच्या डीपीपाशी नेऊन सोडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा असून 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 41 मध्ये सुगम रस्त्यांचा उल्लेख आहे. कलम 40 नुसार केंद्राने सुगम्यतेची मानके नियमांनी ठरवायची होती, पण 2017 च्या नियमांतील नियम 15 ने केवळ मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतुरी यांनी 2005 साली केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश दिला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अडथळा ओळखण्याचा खर्च आणि श्रम ज्याने सोसायचे तो आजवर चालणारा होता. ‘आता यंत्र आहे ना तुमच्याकडे’ असे एका ओळखीच्या दुकानदार काकांनी फलक बाजूला न घेता मला सांगितले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण तो फलक पदपथावर असणेच गैर आहे, हे मी त्यांना शांतपणे सांगितले आणि पुढेही सांगत राहीन.

ज्यांना काठीचे तंत्र येत नाही त्यांनी आधी चलनवलनाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. काठी डावीउजवीकडे फिरवण्याची लय बसल्याशिवाय कंपनाचा अर्थ लागत नाही. मूठ एका ठरावीक कोनात धरावी लागते, त्यामुळे सुरुवातीला मनगट दुखते. पावसात छत्रीऐवजी रेनकोट घातल्यास एक हात मोकळा राहतो. खरेदीपूर्वी उपकरण दुकानातल्या दुकानात तपासू नये, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कुणाला तरी सोबत घेऊन चालून पाहावे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांनी दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी आधी करावी, त्यात उत्पन्नाची अट असते. रोज एकट्याने बाहेर पडणाऱ्या अंध व्यक्तीने हे उपकरण जरूर घ्यावे, असेच मी सांगेन.