ताठरतेच्या गोळ्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिली गोळी घेतली, आता संक्रांत होऊन गेली. ह्या विषयावर काही वाचायला गेलं की एक तर जाहिरात सापडते नाही तर थट्टा, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो. माझं वय ४८. सहा वर्षांपासून शुगर, तीन वर्षांपासून बीपी. लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर हिशोब बघतो. सौदा निघाल्यापासून हिशोबपट्ट्या पूर्ण होईपर्यंत दिवसभर बैठक.

त्रास सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आधी लिंगाला ताठरता यायची पण टिकायची नाही, मग येईनाशीच झाली. पहाटे झोपेत आपोआप येते तीसुद्धा बंद पडली. वय झालं असेल, सोयाबीनच्या भावाचं टेन्शन असेल, असं स्वतःला समजावत राहिलो. बायकोजवळ जायचं टाळायला लागलो. रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघत बसायचो, ती झोपली की मग खोलीत जायचो.

ह्या दोन वर्षांत मी दोन चुका केल्या. पहिली, बसस्टँडच्या भिंतीवरचा नंबर बघून २,४०० रुपयांचं चूर्ण आणलं. आठवडाभर फरक पडला, पण चूर्ण घेतलं की तोंड तापायचं आणि डोकं ठणकायचं. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. जडीबुटीच्या नावाखाली विकलेल्या अशा पुड्यांत ताठरतेची हीच इंग्रजी गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडते, आणि किती घातली त्याला माप नसतं, असं ते म्हणाले. दुसरी चूक, एका मेडिकलमधून चिठ्ठी न दाखवता ताठरतेच्या गोळीची १०० मिलिग्रॅमची पट्टी घेतली. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. त्यानं विचारलं एवढंच, "भारीतली देऊ का?" बीपीची गोळी पोटात असताना मी ती अख्खी घेतली. रात्री उठलो तर डोळ्यापुढं अंधारी आली, दाराची चौकट धरून खाली बसलो. बायकोनं उठून साखरपाणी दिलं. पित्त झालंय म्हणून मी तिला सांगितलं. ते खोटं बोलणं मला अजून सलतं.

शेवटी लातुरातल्याच एका मूत्ररोगतज्ज्ञांकडं गेलो. बाकड्यावर सगळे मुतखड्याचे पेशंट. काउंटरवरच्या मुलीला "लघवीचा त्रास" असं सांगितलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि शुगर, बीपी विचारतात त्याच आवाजात सगळं विचारलं. पहाटे येते का? चालताना छातीत दुखतं का? तंबाखू? रोजच्या कोणकोणत्या गोळ्या? मी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. "नपुंसकता" हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. "ताठरतेचा त्रास" म्हणाले. आपल्याकडं त्या दुसऱ्या शब्दानं किती माणसं वर्षानुवर्षं तोंड मिटून बसली असतील, ह्याचा मी तिथं बसल्या बसल्या विचार करत होतो.

त्यांनी जे समजावलं ते शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच पटणारं होतं. ठिबकची नळी खराब पाण्यानं भरत आली की आधी बारीक छिद्रं बुजतात, मोठी पाईप नंतर. लिंगाला रक्त नेणाऱ्या नळ्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. शुगर, बीपी आणि तंबाखूनं नळ्यांचं अस्तर खराब होतं, तेव्हा ताठरता आधी जाते आणि छातीचं दुखणं पुष्कळांत काही वर्षांनी येतं. म्हणून गोळी लिहायच्या आधी त्यांनी ईसीजी काढायला लावला, सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करून घेतली, सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन आणि रक्तातली चरबी तपासली. हृदय ठीक निघालं, टेस्टोस्टेरॉन ठीक निघालं. तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, ९.६ निघाली. आकडा बघून मी गप्प झालो. शुगरच्या गोळ्या मी आठवड्यातून चारच दिवस घ्यायचो, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिली गोळी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम. पोट हलकं ठेवून, तासभर आधी. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात काही नसेल तर घेऊन झोपलं तरी काही होत नाही. इच्छा झाल्यावर नसांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त भरतं. ज्या रसायनानं त्या सैल होतात त्याला मोडणारं एन्झाइम ही गोळी अडवून धरते, बस. नायट्रिक ऑक्साइडच्या ह्या कामाच्या शोधाला १९९८ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला मंजुरी मिळाली. मुळात हे औषध इंग्लंडमध्ये छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते. नायट्रिक ऑक्साइडची ही गोष्ट पुढं मला फार कामाला आली, ती सांगतोच.

पहिल्या दोन वेळा गोळीनं काहीच केलं नाही. दुसरी वेळ आखाडातली. घरी मटण होतं, तर्री ओरपून भाकरी चुरून खाल्ली आणि वर गोळी घेतली. तेलकट जेवणानं ही गोळी उशिरा लागते, हे मला सांगितलेलं होतं तरी मी मनावर घेतलं नव्हतं. पैसे वाया गेले असं वाटून फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, नीट पद्धतीनं सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय लागू पडली नाही असं म्हणायचं नाही. पुढच्या वेळी सात वाजता वरण-भात खाल्ला, दहाला गोळी. लागू पडली. दोन वर्षांनी. मी रडलो, हे इथं लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्रास म्हणाल तर तोंड आणि कान गरम व्हायचे, नाक चोंदायचं, कपाळाला पट्टी आवळल्यासारखं डोकं धरायचं. एकदा ट्यूबलाइटचा उजेड निळसर दिसला. डोळ्याच्या पडद्यात तसंच एक एन्झाइम असतं, त्यालाही ही गोळी थोडी अडवते, म्हणून असं दिसतं. तासा-दोन तासांत जातं. न जाणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं झालं, अचानक ऐकू येईना, किंवा ताठरता चार तास उतरली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

खरी अडचण घड्याळाची होती. आमचं घर तीन खोल्यांचं. आई बाहेरच्या खोलीत, पोरगी नीटच्या परीक्षेचा अभ्यास करत रात्री एकपर्यंत जागी. तासभर आधी गोळी घ्यायची म्हणजे आज जमणार हे संध्याकाळीच ठरवायचं. आणि गोळी घेतली की पोरगी पाणी प्यायला उठायची, आईचा गुडघा दुखायला लागायचा. तीन-चार वेळा गोळी फुकट गेली. त्याहून वाईट म्हणजे त्या रात्री मी बायकोशी चिडून बोललो.

ह्या गोळ्यांचं तिला तोवर माहीत नव्हतं. पँट धुवायला काढताना पट्टी सापडली. तिनं ती ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "अहो, हे कसलं औषध?" मी सांगितलं. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच नकोशी झाले तुम्हाला. दोन वर्षं हेच वाटायलंय." कणकेचा गोळा एव्हाना पार मऊ झाला होता, तरी ती मळतच होती. गोळी, दवाखाना, तपासण्या, सगळ्यापेक्षा ते वाक्य मला जड गेलं. पुढच्या वेळी ती दवाखान्यात सोबत आली आणि घड्याळाची अडचण तिनंच डॉक्टरांना सांगितली.

तेव्हा त्यांनी टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज एक असं सुरू केलं. ही गोळी शरीरात जास्त वेळ राहते, मोठ्या डोसचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकू शकतो, आणि जेवणाशी तिचं काही देणंघेणं नाही. रोज घेतली की पाचेक दिवसांत रक्तात प्रमाण बसतं. माझ्या घरासाठी हेच औषध होतं. ठरवणं संपलं, चिडचिड संपली. पहिले दोन आठवडे कंबर आणि मांड्या दुखल्या. पोती उचलली नाहीत तरी दुखतंय म्हणून विचारलं, तर ते गोळीचंच निघालं, हळूहळू गेलं. जेनेरिक घेतो, महिन्याला चारशेच्या आत बसतं. दहातल्या सात-आठ वेळा सगळं ठीक होतं. उरलेल्या वेळा होत नाही, आणि आता तो प्रसंग घाबरवत नाही.

आता येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची गोष्ट. यंदा बहिणीच्या शेतात गेलो होतो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील झाली, आणि बांधावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. दिवाळीत मीच त्यांना माझं सांगितलं होतं. "पाव्हणं, मलाबी दोन गोळ्या द्या की," म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मी त्यांच्या पैरणीच्या खिशात हात घातला आणि छोटी डबी काढली. सॉर्बिट्रेट. छातीत दुखलं की जिभेखाली धरायची ती.

सॉर्बिट्रेट त्याच नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेनं रक्तवाहिन्या सैल करते, आणि माझी गोळी त्या सैल करणाऱ्या रसायनाला मोडू देत नाही. दोन्ही एकत्र झाल्या की बीपी एकदम कोसळतं, माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास तरी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट औषध चालत नाही, म्हणून मध्येच छातीत दुखून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ही गोळी घेतल्याचं आधी सांगावं लागतं. लाजून गप्प राहिलं की डॉक्टर तिथं नेमकं सॉर्बिट्रेट देतील. दाजींना राग आला. "दोन गोळ्यांसाठी एवढं?" मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मला शिव्या घाला, पण गोळी देणार नाही." पुढच्या सोमवारी मीच त्यांना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. सॉर्बिट्रेट चालू असेपर्यंत ताठरतेची कुठलीच गोळी नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. हवा ओढून ताठरता आणणाऱ्या पंपासारखे दुसरे उपाय असतात, त्यासाठी मूत्ररोगवाल्यांकडं चिठ्ठी दिली. दाजी तिथं मोकळेपणानं बोलले, मला बाहेर थांबायला सांगून.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनाही ह्या गोळ्यांनी बीपी उतरण्याचा धोका असतो. म्हणून सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्या, नुसती नावं आठवून सांगू नयेत.

माझी एचबीए१सी डिसेंबरात ७.२ आली. संध्याकाळी औसा रोडनं पाऊण तास चालतो, तंबाखू आखाडापासून बंद आहे. पहाटेची ताठरता अधूनमधून परत यायला लागली आहे. मार्चमध्ये पुन्हा दाखवायचं आहे, शुगर अशीच राहिली तर गोळी एक दिवसाआड करून बघू म्हणालेत. गोळ्यांची पट्टी आता पँटच्या खिशात नसते. आईच्या आणि माझ्या बीपीच्या गोळ्यांचा जो स्टीलचा डबा आहे, त्यातच असते. नऊ वाजले की बायको डबा आणि पाण्याचा तांब्या पुढं आणून ठेवते.