घरी येऊन रक्त नेणारी बीसीआर-एबीएल तपासणी: गोळी थांबवण्यासाठी तिच्यावर विसंबावे का?

इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी मी गेली ११ वर्षे रात्रीच्या जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेत आलो आहे. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, याच गोळीने आटोक्यात राहिला; मात्र सकाळी सुजलेले डोळे आणि मध्यरात्री पोटऱ्यांत येणारे गोळेही तिच्याबरोबरच आले. गेल्या वर्षी आमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी औषध थांबवून पाहण्याचा विषय काढला, तेव्हा त्यासाठी लागणारी बीसीआर-एबीएल तपासणी (हा आजार घडवणारे जीन रक्तात किती उरले आहे ते मोजणारी) मी पुण्यातील एका खासगी लॅबकडून घरबसल्या तीन वेळा करून घेतली. लॅबचे नाव देत नाही, पण हाच निर्णय समोर असलेल्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा.

रक्त घेण्याच्या कामाला पूर्ण गुण. ठरलेल्या वेळी मुलगा आला, जांभळ्या झाकणाच्या नळ्यांवरचे नाव व वय त्याने मला वाचायला लावले आणि रक्त घेताच नळ्या थंड डब्यात ठेवल्या. शीर पहिल्याच टोचण्यात सापडली. इतकी वर्षे सुया सोसलेल्या हाताला त्याचे मोल कळते.

खरी अडचण अहवालाची आहे. पहिल्या अहवालात 'बीसीआर-एबीएल आढळले नाही' एवढी एकच ओळ होती. लॅबमधून फोन आला, "काका, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, आता टेन्शन घेऊ नका." मलाही हायसे वाटले. डॉक्टरांनी मात्र तो कागद बघून विचारले, "कंट्रोल जीनच्या प्रती किती मोजल्या, ते कुठे आहे? एवढ्यावर मी गोळी बंद करणार नाही." 'आढळले नाही' या शब्दांना किती वजन द्यायचे, हे शोध किती खोलवर घेतला यावर ठरते. नमुन्यात एबीएल या कंट्रोल जीनच्या, म्हणजे तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या नेहमीच्या जीनच्या, किमान १०,००० प्रती मोजल्या गेल्या असतील तर त्या निकालाला एमआर ४ (आजार मूळ प्रमाणित पातळीच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी) म्हणता येते, त्याहून खोल असलेला एमआर ४.५ म्हणायला किमान ३२,००० लागतात. प्रती त्याहून कमी असतील तर आजार सापडला नाही, की शोधच अपुरा पडला, हे सांगता येत नाही. मी दोनदा मागूनही तो आकडा मिळाला नाही.

हा काटेकोरपणा अनाठायी नाही. फ्रान्समधील 'स्टिम' अभ्यासात इमॅटिनिब थांबवलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के औषधाविना राहू शकले आणि सातशेहून अधिक रुग्णांच्या 'युरो-स्की'मध्ये दोन वर्षांनंतर हे प्रमाण साधारण निम्मे होते. आजार परतला तो बहुतेकांना पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सर्वांचा तो आटोक्यात आला; पण परतीची चाहूल वेळीच लागली, म्हणून हे शक्य झाले. त्यासाठी गोळी थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला तपासणी करायची असते आणि वेगवेगळ्या लॅबचे निकाल एकाच मापात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर बीसीआर-एबीएलचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर गेले की औषध पुन्हा घ्यायचे असते. अमेरिकेतील एनसीसीएन या कर्करोग रुग्णालयांच्या संघटनेच्या सूचनांप्रमाणे अहवाल दोन आठवड्यांच्या आत मिळायला हवा. माझा दुसरा अहवाल १७ दिवसांनी आला.

तिसऱ्या वेळी रक्त शनिवारी घेतले आणि सोमवारीही सुट्टी होती. ही तपासणी रक्तपेशींतल्या आरएनएवर होते आणि तो लवकर खराब होतो, त्यामुळे नमुना वाया गेला, आणि ही गोष्ट मला नऊ दिवसांनी कळवण्यात आली. पैसे न घेता पुन्हा रक्त नेले, बोलणेही आदराचे होते. पण गोळी थांबलेली असताना हे नऊ दिवस गेले असते तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

साधी रक्तगणना करायची असेल तर ही सेवा मी घरातल्या कुणालाही सुचवीन. गोळी थांबवण्याच्या निर्णयासाठी मात्र मी आता रुग्णालयाच्या लॅबमध्ये जातो. दोन बस बदलाव्या लागतात, पण अहवालावर आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरचा टक्का आणि कंट्रोल जीनच्या प्रती दोन्ही छापलेल्या असतात. एमआर ४ किमान दोन वर्षे टिकलेला दिसायला हवा आणि खासगी लॅबचे तिन्ही कागद डॉक्टरांनी त्यात धरले नाहीत, म्हणून गोळी अजून चालू आहे. पुढचे रक्त मंगळवारी सकाळी द्यायचे आहे.