शाहूपुरीतलं फ्लेक्सचं दुकान: ओबामापासून पणजोबांच्या फोटोपर्यंत

आधीच सांगतो, फ्लेक्स स्वस्तात आणि तासाभरात पाहिजे असेल तर कोल्हापुरात गल्लीगल्लीत दुकानं हायत. पण मजकूर नीट वाचून, समजून घेऊन छापणारा माणूस पाहिजे असेल तर ह्या काकांकडंच जा. मी 2008 पासून जातोय, गेल्या आठवड्यात परत एक काम करून घेतलं म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल पण वाचा.

माझं इथलं पहिलं काम म्हणजे बराक ओबामाचा फ्लेक्स. सहा बाय चार, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लावायला. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, पण वर्ल्डकप आला की आमच्याकडं पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सीचे कटआउट उभे राहतात, त्यामुळं परदेशातल्या माणसाचा फ्लेक्स बघून इथं कोण थांबत नाही. फक्त आमचं कारण खेळाचं नव्हतं, घरातलं होतं.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आत्ताच्या इराकला गेले, तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकले, 29 एप्रिल 1916 ला तिथं सहाव्या पुणे डिव्हिजननं शरणागती पत्करली आणि बाकीच्यांबरोबर हेपण तुर्कांच्या कैदेत गेले. नशिबानं परत आले, पण आजी सांगायची की शेवटपर्यंत ताटात भाकरीचा तुकडा कुणाला टाकू द्यायचे नाहीत, कुणी टाकलाच तर स्वतः उचलून खायचे. मार्च 2003 ला इराकवर हल्ला झाला आणि टीव्हीवर बसऱ्याचं नाव आलं तशी आजी आतनं उठून बाहेर आली आणि म्हणाली, "बसरा? मामंजींचा बसरा?" तिनं आयुष्यात नकाशा बघितलेला नव्हता, पण हे नाव तिला पाठ होतं.

त्यात माझा थोरला भाऊ त्यावेळी फौजेत. त्या उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडं इराकसाठी जवान मागितले होते, थोडेथोडके नाहीत, एक आख्खी डिव्हिजन, सतरा हजारांच्या आसपास. दीड-दोन महिने पेपर उघडला की आईच्या पोटात गोळा यायचा. जुलैत वाजपेयी सरकारनं फौज पाठवणार नाही म्हणून सांगितलं त्या रात्री आईनं अंबाबाईच्या फोटोपुढं साखर ठेवली आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर चिमूटचिमूट दिली. ज्यांचं पोरगं फौजेत आहे त्यांना कळेल.

तर 2008 ला जो माणूस 2002 सालीच शिकागोत उभा राहून इराकचं युद्ध चूक आहे म्हणाला होता, तोच निवडणुकीला उभा राहिला आणि सोळा महिन्यांत तिथनं लढणारं सैन्य काढतो म्हणायला लागला, तेव्हा आम्ही भारावून गेलो. आम्हीच नाही, जग भारावलं होतं. बर्लिनला जुलैमध्ये त्याच्या भाषणाला दोन लाख माणूस जमला, त्यातल्या कितीजणांना अमेरिकेत मत असणार सांगा. त्याच्या खिशात मारुतीची छोटी मूर्ती असते हे कळल्यावर दिल्लीत लोकांनी त्याच्यासाठी दोन फुटी मूर्ती काढली. गल्लीतल्या आम्हा पोरांनी वर्गणी काढली.

दिवाळी नुकतीच संपली होती, मतदान 4 नोव्हेंबरला, आम्ही दोन दिवस आधी दुकानात गेलो. काकांनी पहिल्यांदा आमचा फोटोच नाकारला. सायबर कॅफेतनं पेनड्राइव्हमध्ये आणलेला होता, म्हणाले हा मोठा केला की फुटणार, दुसरा आणा. आमच्या डोळ्यादेखत त्यांनी तो शंभर टक्के करून दाखवला, ओबामाच्या डोळ्याच्या जागी नुसते करडे चौकोन. मग त्यांनीच शोधून मोठा फोटो काढला, एक रुपया जास्त घेतला नाही.

आणि मग त्यांची ती पद्धत, जी आजपण तशीच आहे. छापायच्या आधी गिऱ्हाईकाला समोर बसवून मजकूर मोठ्यानं वाचतात, सावकाश, एकेक शब्द. आम्ही लिहून नेलं होतं, "युद्ध थांबवणारे बराक ओबामा यांना कोल्हापूरकरांच्या हार्दिक शुभेच्छा." काका 'थांबवणारे'वर थांबले. म्हणाले, "अजून कुठं थांबवलंय त्यांनी? 'थांबवू पाहणारे' करूया का? निवडून तिथली माणसं देणार, ती आपलं पोटपाणी बघून मत टाकणार, आपण इथनं फक्त आशा करायची. तेवढंच लिहू की." मी ऐकलं नाही. विशीतलं वय, मी त्यांना आजीची, बसऱ्याची, भावाची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं 'थांबवणारे'च पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाहिजे तसं छापून दिलं. चारी कोपऱ्यांना आयलेट मारून, लाकडी चौकटीवर ताणून, कुठं सुरकुती नाही. 5 तारखेला सकाळी निकाल आला तेव्हा आम्ही त्या फ्लेक्सखाली पेढे वाटले.

2009 च्या डिसेंबरात ओबामानं अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवतो म्हणून जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात शांततेचं नोबेल घेतलं. इराकमधनं सैन्य काढलं पण 2011 संपता संपता, आणि 2014 ला तिथं परत अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकायला लागली. मला तो एक शब्द लई लागला. 'थांबवू पाहणारे' लिहिलं असतं तर खोटं झालं नसतं. काका बरोबर होते हे मी नंतर त्यांना जाऊन सांगितलं, त्यावर एवढंच म्हणाले की तुमच्या आजीसाठी छापलं होतं ते, राहू दे.

हे आत्ता का आठवलं, तर 2024 च्या ऑक्टोबरात मी लग्नाच्या कामासाठी तिथं बसलो होतो आणि चार पोरं आली, ट्रम्पचा फ्लेक्स करायला. चोवीस तासांत युक्रेनचं युद्ध थांबवतो असं तो म्हणत होता ना, त्यावर. काकांनी तसंच समोर बसवून मजकूर वाचला, तसेच एका शब्दावर थांबले. पोरांनी पण नाही ऐकलं. मला ती पोरं परकी वाटली नाहीत, वीस-बावीस वर्षांची, रोज मोबाईलवर पडलेल्या इमारती बघून कुणीतरी हे थांबवावं असं वाटणारी. पुढं ऑगस्ट 2025 ला त्याच ट्रम्पनं भारताच्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांच्यात दुसरा विषय नव्हता आणि त्या पोरांपैकी एकाचे वडील फौंड्रीतच आहेत. ज्याचं मत तिथं आहे त्यानं स्वतःच्या घरचं बघितलं, आणि मला वाटतं मतदार असतो तर मीपण तेच केलं असतं.

आता ह्यावेळचं काम. पणजोबांचा एकच फोटो आहे, फेटा, छातीवर पदकं, मधोमध चेहऱ्यावरनं घडीची भेग गेलेली. स्कॅन करून, भेग काढून, सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या कडक पाट्यावर, बारा बाय अठरा पाहिजे होता. इथं एक तक्रार आहे आणि ती लिहितोच. नवीन डिझायनर पोरानं भेग सुंदर काढली पण सोबत पणजोबांना गोरं केलं, गालावरचे वण पुसले, मिशी दाट केली. पहिला प्रूफ बघून मला ओळखच पटेना. कुणाचाही जुना फोटो देणार असाल तर 'रंग बदलू नका, सुरकुत्या ठेवा' असं आधी सांगा. काकांनी माझ्यादेखत ते सगळं परत काढायला लावलं, दोन तास गेले, पण बिलात एक पैसा वाढवला नाही. बिल एकूण साडेचारशे.

बाकी, गाडी लावायला जागा नाही, स्टेशन रोडला लावून चालत या. निवडणूक किंवा गणपतीच्या आधी आठ दिवस जाऊच नका, उभं राहायला जागा नसते आणि शाईच्या वासानं डोकं धरतं. रविवारी दुपारनंतर बंद. ऑनलाइन पैसे चालतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सला पण तेवढाच वेळ देतात हे विशेष. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या गोऱ्या केलेल्या पणजोबांसाठी कापला.

फोटोखाली मी नाव आणि 'मेसोपोटेमिया, 1915 ते 1918' एवढंच लिहून दिलं होतं. काकांनी समोर बसवलं, चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं आणि थांबले. म्हणाले, "मेसोपोटेमियाच्या जागी बसरा लिहू का? आजी बसरा म्हणायच्या ना तुमच्या?" सोळा-सतरा वर्षांपूर्वी एकदा सांगितलेलं. लिहा म्हटलं.