पंचगंगेचा काठ : भिंत बांधायची की रान मोकळं ठेवायचं?

2019 आणि 2021, दोन्ही वर्षी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 50 फुटांच्याही वर गेली. मग काँक्रीटच्या भिंतीची मागणी होतेच. भिंतीला जागा कमी लागते, हे खरं. पण ती पाणी जिरवत नाही, पुढच्या गावांकडे ढकलते. शिवाय नदी फुगली की शहरातून येऊन तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी भिंतीच्या आतच, शहराच्या बाजूला तुंबणार.

मोकळ्या काठावर करंज, उंबर, वाळा लावता येतो. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात झाडांची सावलीही मिळते. एवढ्यानं महापूर टळणार नाही, पण पाण्याला पसरायला जागा राहते. म्हणून पूरक्षेत्रातले भराव आधी थांबवा. भिंत फक्त घरं हलवणं अशक्य असेल तिथेच.