बर्म्युडा बोल घरून पाहताना: पहिल्या दोन दिवसांच्या गुणतालिकेवर भरवसा किती ठेवावा?

बर्म्युडा बोल ही ब्रिज या पत्त्यांच्या खेळातली सर्वांत जुनी जागतिक सांघिक स्पर्धा. 1950 साली ती बर्म्युडा बेटावर सुरू झाली, 2015 साली चेन्नईत आणि 2019 साली वुहानमध्ये भरली. आता तिच्या जोडीनेच महिलांचा व्हेनिस कप, ज्येष्ठांची द'ओर्सी ट्रॉफी आणि मिश्र संघांचा वुहान कप खेळला जातो. सभागृहात बसून पाहणारे मोजकेच. बाकी सगळ्यांची मदार तीन गोष्टींवर असते: जागतिक ब्रिज महासंघाची निकालपानं, ब्रिज बेस ऑनलाइनवरचं थेट प्रक्षेपण आणि रोजचं बुलेटिन. हे परीक्षण या तिन्हींचं आहे आणि मुद्दाम पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं आहे, कारण प्रेक्षकाची फसगत होते ती तेव्हाच.

रचना साधी आहे. 24 संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे 23 फेऱ्या. सामना 16 बोर्डांचा. बोर्ड म्हणजे आधीच वाटून ठेवलेला एक डाव. तोच डाव दोन्ही संघांच्या जोड्या दोन खोल्यांत, एका उघड्या आणि एका बंद, उलट्या बाजूंनी खेळतात. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी जेमतेम सहा-सात फेऱ्या झालेल्या असतात, आणि तेवढ्यावर कुठला संघ "जोरात आहे" आणि कुठला "संपला" याच्या चर्चा रंगतात. निकालपानावर सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येते ती गुणतालिका. सुरुवातीच्या दिवसांत या सगळ्या सेवेतली सर्वांत कमी उपयोगाची गोष्टही तीच.

कारण समजण्यासाठी व्हिक्टरी पॉइंटचं गणित पाहू. 2013 पासून दशांशातली मोजपट्टी वापरात आहे. सामन्यात 20 गुण असतात आणि ते दोन संघांत वाटले जातात. 16 बोर्डांच्या सामन्यात बरोबरी झाली तर 10-10. एका इम्पने (दोन खोल्यांतल्या गुणांच्या फरकावरून काढलेलं सामन्याचं एकक) जिंकलात तर 10.31. 10 इम्पने 12.80, 20 इम्पने बरोबर 15.00, 40 इम्पने 18.09 आणि 60 इम्प किंवा त्याहून जास्त फरक असेल तर 20-0. म्हणजे पहिले 20 इम्प पाच गुण देतात, पुढचे 20 तीनच्या आसपास आणि शेवटचे 20 दोनहूनही कमी. एखाद्या संघाने एक सामना 60 ने जिंकला आणि दुसरा 20 ने हरला, तर त्याचे 25 गुण. दुसऱ्याने दोन्ही सामने 20-20 ने जिंकले, तर त्याचे 30. इम्पची बेरीज दोघांचीही अधिक 40. मोजपट्टी सातत्याला बक्षीस देते, आणि ते योग्यच आहे. पण म्हणूनच तालिकेत बेरजेशेजारी प्रत्येक सामन्याचा आकडा दिसणं गरजेचं असतं. तो असतो, पण वेगळ्या तक्त्यात: उभे-आडवे संघ असलेल्या क्रॉस टेबलमध्ये. तालिका बंद करून थेट तिकडे जावं.

आता नशिबाचा वाटा. दोन तुल्यबळ संघ खेळले, तर एका बोर्डावर सरासरी पाच-सहा इम्पचा चढउतार धरायला हरकत नाही. 16 बोर्डांचं वर्गमूळ चार, म्हणजे पूर्ण सामन्यात 20 ते 24 इम्प इकडे किंवा तिकडे. गुणांत सांगायचं तर एका सामन्याला पाचेक गुणांचा हेलकावा. तीन सामन्यांनंतर एखाद्या संघाची सामन्यामागची सरासरी त्याच्या खऱ्या ताकदीपासून तीनेक गुणांनी सहज दूर असू शकते, सहा सामन्यांनंतर दोन गुणांनी आणि पूर्ण 23 सामन्यांनंतर एका गुणाने. बाद फेरीची रेषा साधारणपणे सामन्यामागे 11 च्या आसपास पडते आणि साखळीत पहिला येणारा संघ 14 च्या आसपास असतो. पहिल्याला आठव्यापासून वेगळं करणारं अंतरच मुळात तीन गुणांचं. पहिल्या दिवशीची चूक तेवढीच मोठी! त्या दिवशी पहिला आणि चौदावा यांत फरक शोधणं व्यर्थ आहे.

खरा माल आहे बोर्डवार पत्रकात. तिथे दोन्ही खोल्यांतलं कंत्राट (बोलीत ठरलेलं लक्ष्य), ते कोण खेळलं, पहिला पत्ता कुठला उतरला, किती हात झाले, गुण किती आणि इम्प कुणाकडे गेले हे सगळं एका ओळीत असतं. सामना 41-38 असा संपलेला दिसला तर बहुतेकांना तो चुरशीचा वाटतो. पत्रक उघडल्यावर कदाचित दोन्ही संघांनी सात-आठ डाव उधळलेले दिसतील. उलट 9-6 असा सामना फार वरच्या दर्जाचा असू शकतो, कारण दोन्ही खोल्यांत जवळजवळ प्रत्येक बोर्डावर तेच कंत्राट आणि तेवढेच हात झालेले असतात. सुरुवातीच्या दिवसांत संघाची तब्येत जोखायची असेल, तर त्याने किती इम्प मिळवले यापेक्षा किती गमावले ते पाहावं. 16 बोर्डांत 20 च्या आत इम्प देणारा संघ तालिकेत बारावा असला तरी त्याच्यावर नजर ठेवण्यासारखी असते.

पत्रकातले काही आकडे तोंडपाठ असले तर कुठल्या बोर्डावर काय घडलं ते खेळ न पाहताही कळतं. व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत) असताना एका खोलीत चार इस्पिक बोलून केले आणि दुसऱ्या खोलीत तोच डाव दोनवर थांबून दहा हात झाले, तर 620 आणि 170 यांत 450 चा फरक, म्हणजे 10 इम्प. तेच गेम (मोठा बोनस देणारं कंत्राट, इथे चार इस्पिक) एक डाऊन गेलं, म्हणजे एक हात कमी पडला, आणि दुसरीकडे 140 झाले, तर 240 चा फरक आणि 6 इम्पचा तोटा. दहा मिळवायला सहा पणाला लावायचे, म्हणूनच व्हल्नरेबल असताना चाळीस टक्क्यांहून थोडं कमी शक्यतेचं गेमही बोललं जातं. नॉन-व्हल्नरेबल असताना हाच हिशेब 6 मिळवायला 5 असा होतो. त्यामुळे उणे सहाच्या दोन-तीन ओळी दिसल्या की लगेच "संघ चुकतोय" म्हणू नये. तो बरोबर बोलून हरलेला असू शकतो.

स्लॅमचं, म्हणजे बारा किंवा तेरा हात करण्याच्या कंत्राटाचं, उदाहरण तर याहून बोलकं आहे. व्हल्नरेबल असताना एका संघाने सहा इस्पिक बोलले आणि दुसरा गेमवर थांबला. स्लॅम झालं तर 1430 विरुद्ध 680, एक डाऊन गेलं तर उणे 100 विरुद्ध 650. दोन्ही वेळा फरक 750 चा आणि 13 इम्पचा. एका फिनेसवर (राजा कुठल्या प्रतिस्पर्ध्याकडे आहे यावर) अवलंबून असलेलं स्लॅम म्हणजे शुद्ध नाणेफेक. एका सामन्यात अशी दोन स्लॅम आली आणि दोन्ही राजे हवे तिथे बसले, तर अधिक 26 इम्प, म्हणजे 16 हून किंचित जास्त गुण. दोन्ही राजे पलीकडे बसले तर चारही नाहीत. खेळाडूंनी केलं तेच आणि फरक बारा गुणांचा. पहिल्या दिवशी बारा गुणांनी तालिकेत किती जागा वरखाली होतात, ते कुठल्याही वर्षीचा पहिल्या दिवसाचा तक्ता काढून पाहावं.

हा खेळ नशिबाचा होता की चुकीचा, हे ठरवायला निकालपानावर एक उत्तम साधन आहे आणि बहुतेक प्रेक्षक ते वापरतच नाहीत. एका फेरीत सगळ्या सामन्यांत तेच बोर्ड खेळले जातात. बर्म्युडा बोलमध्ये बारा सामने, म्हणजे 24 टेबलं. बोर्डाच्या क्रमांकावर टिचकी मारली की त्या सगळ्या टेबलांचे निकाल समोर येतात. 24 पैकी 20 टेबलांवर स्लॅम बोललं गेलं असेल, तर न बोलणाऱ्या जोडीचं कुठेतरी चुकलं. चारच ठिकाणी बोललं गेलं असेल, तर जिंकलेल्या संघाला लॉटरी लागली. कंत्राट तेच, पण एका खोलीत झालं आणि दुसरीत बुडालं, तर पहिला पत्ता तपासावा. तो वेगळा असेल तर श्रेय-दोष बचावाचा. तोच असेल तर खेळणाऱ्याचा, किंवा तिसऱ्या-चौथ्या हाताला बचावात झालेल्या निसटत्या चुकीचा. एका सामन्यासाठी या कामाला वीस मिनिटं पुरतात आणि तालिका तासभर न्याहाळून कळणार नाही तेवढं त्यात कळतं.

बटलर तक्ता, म्हणजे जोड्यांची क्रमवारी, हीच कल्पना आकड्यात मांडतो: प्रत्येक जोडीचा निकाल बाकी टेबलांच्या सरासरीशी ताडून इम्पमध्ये मोजायचा. कल्पना चांगली. मात्र दोन अडचणी आहेत. एक म्हणजे कर्णधार आपली सर्वांत भक्कम जोडी बलाढ्य संघांसमोर बसवतो आणि तिसरी जोडी सोप्या सामन्यांना पुढे करतो. मग तिसऱ्या जोडीचा आकडा फुगतो. दुसरी म्हणजे 32 बोर्ड खेळलेली जोडी 96 बोर्ड खेळलेल्या जोडीच्या वर दिसते. बोर्डांची संख्या शेजारीच छापलेली असते, ती आधी वाचावी.

थेट प्रक्षेपणाकडे वळू. ब्रिज बेस ऑनलाइनची ताकद आजही मोठी आहे: चारही खेळाडूंचे पत्ते उघडे, दुसऱ्या खोलीतला निकाल शेजारी, जाणकारांचं लेखी समालोचन, आणि सामना संपल्यावर संग्रहात तो पत्त्यागणिक पुन्हा पाहण्याची सोय. ही शेवटची सोय सर्वांत मोलाची. त्या दिवशीचा मोठ्ठा उलटफेर दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहता येतो.

पाहताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चालू गुणसंख्येत दोन्ही खोल्यांत संपलेलेच बोर्ड धरलेले असतात. उघडी खोली बाराव्या बोर्डावर आणि बंद खोली आठव्यावर असेल, तर पडद्यावरचा 22-5 हा आठ बोर्डांचा हिशेब आहे. किती बोर्ड जुळलेत ते पाहून मगच सामना संपला म्हणावं. बोर्डांची व्हल्नरेबिलिटी ठरलेली असते: 4, 7, 10 आणि 13 या बोर्डांवर दोन्ही बाजू व्हल्नरेबल, 1, 8, 11 आणि 14 वर कुणीच नाही. सतराव्यापासून हेच चक्र पुन्हा. म्हणजे 13 वा बोर्ड जुळेपर्यंत मोठ्या उलथापालथीला पुरेपूर वाव असतो. त्यानंतर दोन्ही बाजू व्हल्नरेबल असलेला एकही बोर्ड उरत नाही. पिछाडीवरच्या संघाला 14 वर मोठं काही मिळवायचं तर बहुधा स्लॅमच लागतं.

बोलीचे अर्थ प्रक्षेपणात अर्धवट दिसतात, त्यामागे कारण आहे. टेबलावर तिरका पडदा असतो. उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या बाजूला. भिडूला भिडू दिसत नाही आणि खुलासा फक्त पडद्याच्या आपल्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला लेखी दिला जातो. डाव टंकणारा माणूस एकाच बाजूला बसतो. पलीकडे काय लिहून दिलं ते त्यालाही दिसत नाही. त्यामुळे जोडीची पद्धतीपत्रिका (तिच्या बोलींच्या अर्थांची यादी) आधीच उतरवून शेजारी ठेवणं हा एकमेव उपाय. बारीक पत्त्यांच्या नोंदीतही घाईत चूक होते. पंजा की छक्का यावर निष्कर्ष बेतायचा असेल, तर बुलेटिनमधल्या लेखाशी पडताळून घ्यावा. काही स्पर्धांत प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात. गैरप्रकार रोखण्यासाठी ते हवंच. त्या वेळात निकालपान उघडं ठेवलं तर मात्र डावातली मजा जाते.

आणि ते डबल-डमीचं बटण! चौघांचेही पत्ते दिसत असताना यंत्र "चार बदाम होतात" म्हणतं. खेळणाऱ्याला दोघांचेच पत्ते दिसतात. बटण दाबून विश्वविजेत्यांना नावं ठेवण्याआधी तेवढ्याच माहितीवर आपण कुठला पत्ता खेळलो असतो ते ठरवावं.

बुलेटिनबद्दल फार लिहायला नको. ते उत्कृष्ट असतं, फुकट असतं, आणि आदल्या दिवसाच्या तीन-चार सामन्यांचं त्यातलं विश्लेषण निवांत वाचण्यासारखं असतं.

तालिकेकडे परत येताना दोन बारीक खाचा. संथ खेळासाठी किंवा इतर नियमभंगासाठी कापलेले गुण बेरजेत मिसळून जातात. प्रत्येक सामन्याचे गुण स्वतः जोडून बघितले आणि बेरीज जुळली नाही, तर फरक तिथेच सापडतो. तसंच काही सांघिक स्पर्धांत संघांची संख्या विषम असते. तिथे विश्रांती मिळालेल्या संघाला सहसा 12 गुण देतात. ते सरासरीपेक्षा जास्त असतात, म्हणून ज्यांची विश्रांती होऊन गेली ते थोडे वर दिसतात.

मग सुरुवातीच्या तालिकेचा काहीच उपयोग नाही का? आहे, एका अटीवर. क्रॉस टेबलमध्ये आपल्या संघाचे झालेले सामने खुणेने वेगळे करावेत आणि उरलेल्यांत किती बलाढ्य संघ आहेत ते मोजावं. सहा सामन्यांत 72 गुण, पण त्यातले चार सामने तळाच्या संघांशी झाले असतील, तर ते 72 हलके. सहांत 58 असतील आणि चार तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने उरकलेले असतील, तर अकराव्या-बाराव्या फेरीपर्यंत तो संघ वर यायला लागेल. तोपर्यंत हेलकावा दीडेक गुणावर आलेला असतो आणि क्रमांकांना अर्थ येऊ लागतो.

पहिल्या दिवशीचा एक आकडा मात्र शेवटपर्यंत जपून ठेवण्यासारखा असतो. कॅरी-ओव्हरचा नियम असलेल्या स्पर्धेत, साखळीत भेटलेले दोन संघ बाद फेरीत पुन्हा समोरासमोर आले, तर त्या जुन्या सामन्यातल्या इम्प-फरकाचा ठरावीक भाग विजेत्याच्या खात्यात आधीच जमा होतो. म्हणून कधीकधी पहिला पत्ता पडण्याआधीच गुणफलकावर अपूर्णांकातली आघाडी दिसते. वरच्या क्रमांकाच्या संघांना उपांत्यपूर्व फेरीतला प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभा असते, आणि निवडताना कर्णधार हा आकडाही विचारात घेतात. दुसऱ्या फेरीत 20-0 ने गेलेला सामना तालिकेत लवकरच विरून जातो, पण त्यातले इम्प दहा दिवसांनी पुन्हा टेबलावर येऊ शकतात.