किचनमधले दिवे वेगवेगळ्या बटणांवर: दिवाळी ते पावसाळा, वापरून झाल्यावर

फ्लॅट ताब्यात आला तेव्हा किचनच्या सीलिंगला चार पॅनल दिवे होते आणि चारही एकाच बटणावर. पाणी प्यायला उठलं तरी सगळं किचन लखलखायचं. गेल्या दिवाळीआधी रंगकाम निघालं, त्यातच हे काम उरकून घेतलं. आता पावसाळाही निम्मा सरला, म्हणून लिहितेय.

एका बटणावर चार दिवे म्हणजे बटणातून एकच फेज (करंट आणणारी वायर) वर जाते आणि या दिव्यावरून त्या दिव्यावर लूप होत जाते. वेगळे करायचे तर तो लूप तोडायचा आणि प्रत्येक बटणाची वायर बोर्डापासून वरपर्यंत स्वतंत्र ओढायची. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, एकाच लाइनवरच्या सगळ्या दिव्यांना एकच चालतो. खरं भवितव्य पाईपच्या हातात. भिंतीतल्या पाईपमधून वायर ओढायची स्प्रिंग सरळ गेली तर काम पटकन होतं. बेंडमध्ये सिमेंट अडकलेलं असेल तर भिंतीला झिरी मारा, नाहीतर बाहेरून पट्टी ठोका. आमची स्प्रिंग गेली. बोर्डाने मात्र रडवलं. मिक्सरचं सॉकेट धरून तीन बटणं जुन्या पेटीत मावेनात, मोठी पेटी बसवायला भिंत फोडावी लागली. म्हणूनच म्हणते, हे काम रंगाच्या आधी करा.

वायरमनचं म्हणणं होतं, दोन-दोन दिवे करू, दिसायला बरं. मी ऐकलं नाही. ओट्यावरचे दोन एका बटणावर, मधला दुसऱ्यावर, फ्रिज आणि फिल्टरजवळचा तिसऱ्यावर. मधला दिवा ओट्याशी उभं राहिलं की पाठीमागे येतो, त्यामुळे कांदा चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. आता ओट्यावरचे दोनच लावते आणि स्वयंपाक होतो. मधला फक्त केर काढताना किंवा पाहुणे आले की. सगळ्यात जास्त वापर फ्रिजजवळच्या एकट्या दिव्याचा. सासूबाई पहाटे चहाला उठतात, हॉलमध्ये झोपलेल्यांच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. फक्त यासाठीसुद्धा हा खटाटोप केला असता.

बिल कमी होईल म्हणून करत असाल तर राहू द्या. 12 वॉटचे चार दिवे म्हणजे 48 वॉट. रोज पाच तास लावले तरी महिन्याला 7 युनिटच्या आसपास. त्यातले निम्मे वाचले तर साडेतीन युनिट. तेवढ्यासाठी कोण भिंत फोडतं!

आता कटकटी. पहिल्याच आठवड्यात फ्रिजजवळचा दिवा बंद केल्यावरही मंद जळत राहिलेला दिसला, अंधारात काजव्यासारखा. वायरमन फोनवर म्हणाला, एलईडीला असं होतंच. होतं खरं, बटणाला इंडिकेटरचा छोटा दिवा असेल किंवा वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील तरी तसा उजेड राहतो. पण त्याला बोलावून बटण बंद ठेवून वर टेस्टर लावायला सांगितलं, तर टेस्टर पेटला. फेज थेट दिव्याला गेलेली आणि बटण न्यूट्रल तोडत होतं. म्हणजे बटण बंद समजून कुणी दिवा बदलायला स्टुलावर चढलं असतं तर शॉकच. जोडणी उलटवली, दिवा विझला. तुमच्याकडे असं दिसलं तर 'होतंच' ऐकून गप्प बसू नका. आणि दिव्याला हात लावण्याआधी नुसतं बटण नाही, एमसीबी (मेन बोर्डातला, त्या लाइनचा करंट तोडणारा स्विच) पाडा.

दुसरी गोष्ट, दिवे थ्री-कलर घेऊ नका. बटण बंद-चालू केलं की रंग बदलणारे हे दिवे वेगळ्या बटणांवर गेले की एकमेकांशी जुळत नाहीत. ओट्यावर पांढरा, मध्ये पिवळा, असं लग्नाच्या मांडवासारखं दिसायचं. शेवटी सगळे साधे 4000 केल्व्हिनचे, म्हणजे फार पिवळे नाहीत आणि निळसरही नाहीत असे, लावले. पिवळ्या उजेडात डाळीतले खडे दिसत नाहीत, पालेभाजी निवडतानाही गफलत होते.

लाइट गेल्यावर काय, तेही आधीच ठरवा. आम्ही ओट्यावरचे दोन इन्व्हर्टरवर घेतले, बाकीचे नाहीत. मात्र इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रलही इन्व्हर्टरच्याच लाइनचा हवा. घरच्या साध्या लाइनचा न्यूट्रल त्यात मिसळला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडत राहतो आणि कारण सापडता सापडत नाही.

एकच राहिलं. ड्राय बाल्कनीच्या दाराशी मधल्या दिव्याचं टू-वे बटण (एकच दिवा दोन जागांवरून लावता-बंद करता येतो ते) हवं होतं. त्याच्या वायरी तेव्हाच ओढल्या असत्या तर स्वस्तात पडलं असतं. आता विचारलं तर पुन्हा झिरी, पुन्हा रंग. तूर्त धुणं आत आणताना कोपराने दार ढकलायचं आणि अंधारातच बोर्डापर्यंत जायचं.